साडीचं आतलं टोक

जमनाबेन, पेपरात तुझा फोटो आला आणि त्याखाली छापलं होतं, 'मनमिळाऊ स्वभावाच्या'. मी चहा पीत होते. इतकी हसले की ठसका लागला आणि आमचे हे घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आले. मनमिळाऊ कोण, तू? मशीनवर शिवलेली एक गोधडी मी ओट्यावर आणली म्हणून अख्खा कापूस वेचून होईपर्यंत माझ्याशी न बोललेली बाई मनमिळाऊ? ज्याने कोणी ते लिहिलं त्याने एक दुपार आपल्या ओट्यावर काढायला हवी होती. पुन्हा हा शब्द त्याने कोणासाठी वापरला नसता.

मग त्याच चहात रडूही आलं. पण तुला रडणाऱ्या बाया आवडत नाहीत, गोधडीला डाग पडतात म्हणायचीस, म्हणून लवकर आटोपतं घेतलं.

तुझे दिवस झाले, गंधमुक्तीला माणसं खूप आली. शहाद्याहून आली, सुरतेहून आली, धडगावहून दवाखान्यातल्या दोन सिस्टर जीपने आल्या. एका पुढाऱ्याने भाषण केलं. तुला समाजसेविका म्हणाला, आपल्या ओट्याला चळवळ म्हणाला. सिंधूने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघींनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं आम्हाला भरून आलंय. चळवळ कसली? जेवणं झाली, भांडी घासली की तुझ्या दारातल्या ओट्यावर, लिंबाच्या सावलीला आठ-दहा बाया बसायच्या. घराघरातून मागून आणलेले जुने कपडे धुवायचे, उसवायचे, थरावर थर लावायचे, धावदोरा घालायचा, आणि थंडी पडायच्या आत गोधड्या वर डोंगरात पाठवायच्या. मोठ्या गोधड्या आश्रमशाळेच्या पोरांना, लहान गोधड्या दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायांच्या लेकरांना. हात चालायचे आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालायची. कोणाच्या केळीला भाव मिळाला, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळं त्या थरांमध्ये शिवलं गेलं आहे.

पाहुणे पांगले, मांडव निघाला आणि आम्ही पुन्हा ओट्यावर बसलो. खांबाला टेकून बसायची तुझी जागा कोणी घेईना. सगळ्या दाटीवाटीने एका बाजूला, आणि खांबाजवळ रिकामं. शेवटी सिंधू उठली.

"कोनी बठत नही ते मी बठस," ती म्हणाली. "नही ते मांजर बठी जाई."

आणि बसली. तुला आवडलं असतं. सिंधू तुझ्याच तालमीत तयार झाली आहे, तोंडाने तरी.

त्याच दुपारी तुला बा म्हणणारी तुझी सून भारती घरातून एक गाठोडं घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "शकूमावशी, बान्या साड्या शेत. तुम्हले जे करनं व्हई ते करा." एवढं बोलून ती उंबरठ्यावर बसून राहिली. आपल्या ओट्यावर बाया गप्प बसल्या असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

गप्प बसण्याचं कारण तुला चांगलंच ठाऊक आहे. कारण तूच आहेस.

आता आपला तो जुना वाद मला पुन्हा काढावा लागतोय. तू नाहीस, मध्येच तोडायला, सुई नाचवत 'ऐकी ले' म्हणायला, तर मी एकदाचा तो सरळ मांडून घेते. माझी आई गेली त्या वर्षी मी तिचं एक सुती पातळ ओट्यावर आणलं होतं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हातात पाणी धरल्यासारखं वाटायचं. लेकराच्या गोधडीला आतून लावायला याहून चांगलं कापड मिळणार नव्हतं. तू ते अंगठ्याने चोळून पाहिलंस, नाकाशी धरलंस आणि उचलून मोठ्या गोधड्यांच्या ढिगावर टाकलंस.

"हाई मोठी गोधडीमा जाई."

"काबं?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच होता.

"तुन्ही माय जल्मभर तुमनासाठे रातले उठनी. आते गयी ना? लेकरूनी गोधडीमा घालशी ते तिले परत उठनं पडी. मोठा पोऱ्या घोरत पडस. त्यानाजोडे तिले झोपू दे."

ओट्यावरच्या सगळ्या बायांनी माना डोलावल्या. मला राग आला तो यामुळे. इतकी उफराटी गोष्ट तू अशी सांगितलीस की ती एकदम रीतच होऊन गेली. त्या दिवसापासून आपल्या ओट्यावर गेलेल्या बाईची साडी कधी लेकराच्या गोधडीत गेली नाही. जित्या बाईची साडी चालेल, पुरुषाचं धोतर चालेल, बाई गेलेली असेल तर मोठ्या ढिगावर. मी म्हणाले, अगं, माझी आई एखाद्या लेकरासाठी हसत उठली असती. तर तू दोरा ओवता ओवता म्हणालीस, "तू तिले इचारेल शे का?"

आता गेलेल्या आईला मी कुठून विचारणार होते? तिथे वाद खुंटला. आणि मग दर काही महिन्यांनी तो तिथूनच पुन्हा सुरू झाला. कोणाची सासू गेली, कोणाची काकू गेली, साड्या आल्या की मी तुझ्याकडे बघायची, तू मोठ्या ढिगाकडे बघायचीस. मी म्हणायची, हा अन्याय आहे. तू म्हणायचीस, विचारून ये. माझ्या आईचं पातळ आश्रमशाळेतल्या कुठल्या पोराच्या घोरण्याशेजारी निवांत झोपलंय कोण जाणे. मला ते कधी पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर कधी कधी रात्री आडवं पडल्यावर बरंही वाटलं.

तर आता ओट्यावर तुझ्याच साड्या आल्या. नियमाने त्या मोठ्या ढिगावर जायला हव्यात, त्यात बोलण्यासारखं काही नाही. पण मधल्या मध्ये एक घोटाळा मी करून ठेवला होता. सुरतेहून हेतलचा फोन आला होता. तुझी नात. तिचे दिवस भरत आलेत, म्हणून तिला तुझं तोंड बघायलाही येता आलं नाही. फोनवर आधी नुसती रडली, मग म्हणाली, "शकूमासी, बा आते मन्हा लेकरूले देखनार नही. बानी साडीनी गोधडी तरी धाड."

आणि मी म्हणाले, धाडते बेटा, काळजी नको करू. तोंडातून निघून गेलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी कोणाच्या ओट्यावरचा कोणता शब्द देऊन बसले. सिंधूला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला.

"तू हा म्हनी टाकं? जमनाबेन वरथून चप्पल फेकी मारी."

म्हणजे बघ माझी गत. तुझ्या ओट्यावर बसून तुझाच नियम मोडायचा, तोही तुझ्याच साडीने, तू उत्तर देऊ शकत नसताना. इतकी वर्षं मी ज्या वादात हरत आले तो आता एका कात्रीने जिंकता येत होता, आणि मला तो तसा जिंकायचा नव्हता. बरं, नियम पाळावा तर त्या पोरीला काय सांगू? तुझी बा दमली आहे, तिला झोपू दे, असं सांगू? पहिलटकरीण आहे, घरापासून लांब आहे, तिने जगात एकच गोष्ट मागितली होती.

गाठोडं तसंच पडून राहिलं. दुसऱ्या दिवशी पडून राहिलं, तिसऱ्या दिवशी त्याच्यावर खरंच मांजर येऊन बसलं. आम्ही बाजूला बसून आश्रमशाळेच्या गोधड्या शिवत होतो आणि बोलणं मात्र सारखं तुझ्यावरच येत होतं. सिंधूने धडगावच्या पहिल्या फेरीचा विषय काढला आणि सगळ्या हसू लागल्या. भारतीही हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदा.

तुला आठवते ना ती फेरी? मागे बसलं की मळमळतं म्हणून तू ड्रायव्हरच्या शेजारी बसलीस आणि सबंध घाटभर त्या बिचाऱ्याला जीप कशी चालवायची ते शिकवलंस. आयुष्यात बैलगाडीपलीकडे काही न हाकलेली बाई. गोधड्या टपावर बांधलेल्या, वर पोचेपर्यंत सगळ्या धुळीने माखलेल्या. तू दवाखान्याच्या आवारात कुठूनशी काठी पैदा केलीस आणि त्यांना अशी झोडपायला लागलीस की आतून सिस्टर पळत आली. तिला वाटलं बाहेर मारामारी लागली.

आणि मग खरी फजिती झाली. पहिली गोधडी आपण ज्या बाईला दिली ती कोवळी पोर होती, पाड्यावरून आलेली. तिने गोधडी हातात घेतली, उलटून पालटून पाहिली, लेकराला पाठीला लावून वरून ती बांधायला गेली. त्यांच्याकडे लेकरू पाठीवर बांधून लाकडाला जायचं, पाण्याला जायचं, शेतात जायचं. आणि आपण तर प्रेमाच्या भरात थरावर थर चढवून चौकोनी, टणक, गादीसारखी वस्तू शिवली होती. ती वाकेना, वळेना, गाठ तर बसेच ना. आपण तापीकाठच्या सपाटीवरच्या बाया. गोधडी म्हणजे खाटेवर टाकायची नाहीतर जमिनीवर अंथरायची. ती अंगाला बांधतात हे आपल्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या पोरीने थोडा वेळ खटपट केली, मग गोधडीची नीट घडी घातली, खाली ठेवली आणि तिच्यावर ऐसपैस बसली. बसायला ती फार छान होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मात्र तिच्यासमोर फतकल मारलीस आणि कमरेची कात्री काढलीस. ती पावरीत बोलत होती, तू अहिराणीत बोलत होतीस, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघी एकमेकींवर खूष होत्या. तिने हाताने लांबी दाखवली, तू थर उसवलेस. तिने खांद्यावरून बोट फिरवून काखेत आणलं, तू तुझ्या परकराची नाडी ओढून काढलीस आणि दोन तुकडे करून गोधडीच्या दोन कोपऱ्यांना शिवलीस. नाडी काढल्यावर परत येताना घाटभर परकर मुठीत धरून बसली होतीस, ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. या चार दिवसांत सगळ्यांना सांगितलं. माफ कर.

निघताना तू तिला म्हणालीस, "बरं करं माय, तू दखाडी दिधं. नही ते आम्ही जल्मभर गाद्याच शिवत बठतूत." तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने तुझा गाल ओढला. तेव्हापासून आपली डोंगरातली गोधडी पातळ, लांबट आणि दोन नाड्यांची झाली.

गोधडीच्या पोटात घास घालायची रीतही तूच आणलीस. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी तिथून तोंड उघडं ठेवायचं, आणि प्रत्येकीने वाकून त्यात एका पदार्थाचं नाव घालायचं, म्हणजे पांघरणाऱ्याच्या पोटाला कमी पडणार नाही. सिंधू नेहमी वरणबट्टी घालते, मी खापरावरची पुरणपोळी. कितीतरी पोरं आपल्या भरवशावर शिरा, शेवभाजी आणि कढी-फुनके पांघरून झोपत असतील. तू मात्र इतकं हळू बोलायचीस की कधी ऐकू आलं नाही. विचारलं की म्हणायचीस, मोठ्याने बोललं तर तुम्ही माझ्या घरी जेवायला याल.

हसणं ओसरलं तशी मी उठले आणि गाठोडं सोडलं. म्हटलं, निदान कोणत्या साड्या आहेत ते बघू. सगळ्यात वर ती हिरवी होती, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची, जी तू धडगावला जाताना हमखास नेसायचीस. घडी विस्कटली होती, म्हणून ती नीट घालायला मी पदराचं टोक धरलं, सिंधूने दुसरं धरलं. साडी ओढून घडी घालायची आपली जागा ठरलेली, मी उंबरठ्याशी आणि समोरची खांबाशी. मी उंबरठ्याशी उभी राहिले. सिंधू मागे सरकू लागली आणि खांबाच्या अलीकडेच थांबली. साडी संपली होती.

"हाई आखूड शे," ती म्हणाली.

मी जाऊन पाहिलं. पदर जसाच्या तसा होता. आतलं टोक, कमरेला खोचतो ते, कापलेलं होतं. हातभर नाही, चांगलं दोन-तीन हात. आणि कापलेली कड दुमडून हाताने शिवलेली, तुझा तो बारीक एकसारखा धावदोरा. दुसरी साडी उलगडली, तशीच. तिसरी तशीच. रेशमी दोन होत्या त्या पूर्ण होत्या. सुती होत्या तेवढ्या सगळ्या आखूड.

भारती उंबरठ्यावरून उठून आली.

"बा मले सांगे, कपाटमा उंदीर लागेल शेत," ती म्हणाली. "म्हने, साड्यास्ले हात नको लावू, मी मन्ह्या पाही लिसू. मी पिंजरा लाई ठेयेल व्हता."

बिचारीने पिंजरा लावला होता, जमनाबेन. रोज त्यात भाकरीचा तुकडा अडकवत होती.

तेव्हा मला शहाद्याचा तो टेलर आठवला. पाऊस सरता सरता तुझं दुखणं कळलं, आणि तेव्हापासून तू ओट्यावर येताना कापडाच्या पट्ट्या आणायला लागलीस. कुठून गं एवढ्या, विचारलं की म्हणायचीस, शहाद्याला एक टेलर आहे, दवाखान्यात जाते तेव्हा तो चिंध्या देतो. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला. गावची शिलाईवाली मी. फॉल, पिको, ब्लाऊज, सगळ्या गल्लीचं शिवते, माझ्याकडे चिंध्यांची पोती पडली आहेत, आणि तू त्या परक्या टेलरच्या आणतेस? मी तुझ्या त्या पट्ट्यांना बोटही लावलं नाही. लावलं असतं तर तिथेच कळलं असतं. टेलरच्या चिंध्या नव्या कोऱ्या कापडाच्या असतात, खळ असलेल्या, कडक. त्या पट्ट्या दुरूनही मऊ दिसत होत्या. पण मी फुगून बसले होते, आणि तू गालातल्या गालात हसत त्या लेकरांच्या गोधड्यांना आतून लावत होतीस.

आणि निऱ्या. बाई वाळली की निऱ्या वाढतात, कमरेचा घेर कमी होतो तसं कापड उरतं. तू वाळत गेलीस आणि तुझ्या निऱ्या कमी होत गेल्या. ओट्यावर बसलेल्या आम्ही सगळ्या कापडाच्याच बाया. नुसत्या नजरेने वीत सांगणाऱ्या. एकीलाही दिसलं नाही. आम्ही तुझ्या चेहऱ्याकडेच बघत होतो, आज बरी दिसतेस, आज बरी नाही दिसत.

सिंधू वकिलासारखी बोलायला लागली. "जमनाबेन जित्ती व्हती तवय पट्ट्या दिन्यात. म्हंजे नियम काही मोडना नही." बाकीच्यांनीही हो म्हटलं. जित्या बाईची साडी चालते, नियम तसा आहेच. मला मात्र तुझी लबाडी कळली होती. तुला माहीत होतं आपण किती दिवसांच्या आहोत. डॉक्टरांनी आमच्यापासून लपवलं तरी तुझ्यापासून नव्हतं लपवलं. ज्या गोधड्यांत तू स्वतःला घालत होतीस त्या पांघरल्या जाईपर्यंत तू नसणार, हे ठाऊक असून घालत होतीस. इतक्या बायांना झोपू दिलंस, माझ्या आईला झोपू दिलंस, आणि स्वतःला मात्र जागायला लावलंस.

'तू तिले इचारेल शे का?' वर्षानुवर्षं तू मला हेच विचारत आलीस. मी माझ्या आईला विचारू शकले नाही. तुला विचारायचं आता राहिलं नव्हतं. तू कात्रीनेच सांगून गेली होतीस.

म्हणून हेतलची गोधडी मी शिवली. त्या हिरव्या साडीच्या आतल्या टोकापासून. तुझा धावदोरा उसवताना वेळ लागला, कारण तू गाठी अशा मारतेस की जणू चोर येणार आहेत. तिथे मला पुन्हा रडू आलं आणि या वेळी मी आवरलं नाही. थोडा डाग पडलाय, डाव्या बाजूला, तुला दिसला तर दिसू दे. सगळी हाताने शिवली, मशीन झाकूनच ठेवलं. सुरतेच्या फ्लॅटमध्ये कोण लेकरू पाठीला बांधतंय, पण मी नाड्याही लावल्या. तिच्या बाची गोधडी बिननाडीची कशी असेल?

काल दुपारी शेवटचा कोपरा उघडा ठेवला आणि सगळ्या वाकल्या. सिंधूने वरणबट्टी घातली. भारतीने तुझ्या आवडीची खीर घातली, जी शेवटी शेवटी तिला तुला देता आली नाही. मग माझी पाळी आली. पुरणपोळी ओठांवर आली होती, पण मी बायांना म्हटलं, जरा कान बाजूला घ्या. आणि तुझ्यासारखीच हळू बोलले.

"जमनाबेन, लेकरू रडनं ते ऊठजो. तिसरा मजला शे. लिफ्ट शे, पायऱ्या चढू नको."

मग कोपरा बंद केला. आज सकाळी गोधडी सुरतेच्या बसने गेली. हेतलचा फोन आला की कळवीन, म्हणजे तुला आधी कळणारच आहे.

तशी तू आता डोंगरातल्या किती पाड्यांवर आहेस देव जाणे. त्या पट्ट्या दिवाळीच्या आधीच्या सगळ्या गठ्ठ्यांत गेल्या. तिकडे आता थंडी पडली असेल. एक रडलं की तू ऊठ, ते निजलं की दुसऱ्या पाड्यावर पळ, आणि त्यात आता सुरत. एकटी बाई कुठे कुठे पुरशील? तुझी मेली सवयच आहे सगळं आपल्याच अंगावर घ्यायची. मदत मागितली असतीस तर जीभ झिजली असती का?

आज ओट्यावर गेले तर सिंधू खांबाला टेकून बसली होती. मी बसताना तिने माझ्याकडे पाहिलं, मान वाकडी करून पुन्हा पाहिलं.

"शकूआक्का, तुन्ह्या निऱ्या कमी व्हयन्यात का वं?"

मी सुईत दोरा ओवत म्हणाले, "कपाटमा उंदीर लागेल शेत."